रोह्याहून लावलेला सूर्य

आक्का,

तुझ्या कॉम्प्युटरवरचा तो सूर्य मी लावत होतो. माझ्या हाताने, रोह्यातून. हे वाक्य तुला समोर बसून सांगायचं होतं. तू होतीस तेव्हा ते बोलून झालं नाही आणि आता तू नाहीस तर किती पटकन लिहून झालं बघ. त्याचीच जास्त लाज वाटते.

तेराव्याला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. भाऊजी गेल्यावर तू कारखाना कसा उभा ठेवलास, तू रेखलेले गणपतीचे डोळे शंभर मूर्तींत कसे ओळखू यायचे, रागावलीस तरी जेवल्याशिवाय कुणाला कशी सोडायची नाहीस. मी कोपऱ्यात बसून होतो. लोकांना वाटलं, धाकटा भाऊ आहे, दुःखाने गप्प आहे. दुःख होतंच. पण गप्प बसायची मला जुनी सवय आहे, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

तर आज सगळं सांगतो. मध्ये थांबवू नकोस. तशी तू आता थांबवूही शकत नाहीस, आणि मला तेच नकोसं होतंय.

हे सुरू झालं तुझ्या रंगाच्या खोलीतून. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्यांना कागद चिकटवलेले, पंखा बंद, ट्यूबलाइटखाली तू पाटावर बसून डोळे रेखत असायचीस. बाहेर अंगणात शाडूच्या कच्च्या मूर्तींच्या रांगा. ऊन असलं की त्या बाहेर काढायच्या, आभाळ भरलं की सगळ्यांनी धावून आत घ्यायच्या. कधी बाहेर आणि कधी आत, यावरून अंगणात रोज भांडण. एका रविवारी मी पेणला आलो तेव्हा तू ब्रश खाली न ठेवताच सुरू झालीस.

"आरं बाळ्या, मी हितं मांजरावानी कोंडलेली. भायेर ऊन हाय का पाऊस, मला काय कळतंय? चौघांना इचारलं की चार उत्तरं. नामाकाका बोलतो काढा, सुलभा बोलते नको. हा तुजा कॉम्प्युटर नुसता ऑर्डरी लिवायला ठेवलाय. त्याला सांग की मला हवा दाखवायला."

मी कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यातला माणूस. दिवसभर प्रेशरचे आणि तापमानाचे आकडे बघणारा. कॉम्प्युटरचा नाद घरचा. त्या रविवारी जेवण झाल्यावर बसलो आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. दर थोड्या वेळाने ती हवामानाच्या एका फुकट साइटला विचारायची की पेणला आत्ता काय आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चित्र लावायची. सूर्य, ढग किंवा छत्री. पहिल्यांदा दाखवलं तर तू चष्मा वर केलास.

"येवडुसा? सूर्य हाय का तीळ?"

मी मोठा केला. "अजून." आणखी मोठा केला. पुरीएवढा झाला तेव्हा म्हणालीस, "हां. आता घरातला वाटतो."

त्या सूर्यावरून आपण जे भांडलो, ते आठवून मला परवा तुझ्याच खोलीत हसू आलं. ढग तुला पसंत नव्हता.

"ढग म्हंजे काय रं? आत का भायेर?"

"ढग म्हणजे ढग, आक्का. हवा अशी हो किंवा नाही नसते."

"तुज्या कंपनीत नसंल. माज्या अंगणात असते. दोनच ठेव."

मी ठेवले नाहीत. शिकलेल्या माणसाचा हट्ट. मग दुसरा वाद. तू सकाळी सूर्य बघायचीस आणि दुपारचं ठरवायचीस. मी सांगायचो की हे आत्ताचं आहे, पुढचं नाही. त्यावर तू म्हणायचीस, "आत्ताचं दार उघडलं की दिसतंय. पुडचं सांगत नाय तर त्याला बसवलाय कशाला?" मग काढून टाकतो म्हटलं. पण तू तो काढू दिला नाहीस, आणि अंगणातलं भांडण मिटावं म्हणून नियमच करून टाकलास: सूर्य असेल तर बाहेर, सूर्य गेला की आत, कुणी आपली अक्कल लावायची नाही. नामाकाका चिखलाच्या हातांनी साचा दाबता दाबता ओरडायचे, "आक्काकडं ऊन हाय, आमच्याकडं पाऊस हाय, करायचं काय?" आणि तू आतून, "माज्या उनात काडा!" सगळं अंगण हसायचं. तीही हसायची, वैशाली. तुझी सून. तेव्हा नवी होती. खांब गावची पोर, हायवेच्या कडेला भातशेतीत वाढलेली, पेणच्या कारखान्यात आल्यावर महिनाभरात पीतांबराचा पिवळा तुझ्यापेक्षा एकसारखा मारायला लागली होती. हे तूच मला सांगितलं होतंस. तिला सांगितलं नव्हतंस.

वर्षभर सूर्य नीट चालला. मग त्या साइटने फुकट द्यायचं बंद केलं आणि एका सकाळी तुझा फोन.

"बाळ्या, तुजा सूर्य रुसला. नुसता हूक दाखवतोय, मासे पकडायचा."

ते प्रश्नचिन्ह होतं. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत करतो. शोधायला हवी होती दुसरी साइट. पण शिफ्ट होती, कंटाळा होता, आणि तुझ्यासमोर आपलं यंत्र बंद पडलंय हे कबूल करायचं नव्हतं. म्हणून मी तात्पुरतं काहीतरी केलं. इंटरनेटवर एक फाइल ठेवली, तिच्यात एकच शब्द. ऊन, ढग किंवा पाऊस. तुझ्याकडची स्क्रिप्ट साइटला विचारायचं सोडून ती फाइल वाचायला लागली. आणि तो शब्द मी माझ्या मोबाइलवरून बदलायचा. दोन दिवसांपुरतं.

ते दोन दिवस तू गेल्यावरही चालू राहिले.

सुरुवातीला मी इमानदारीत उपग्रहाचं चित्र बघायचो, पेणच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन करायचो. मग आळस शिरला. सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या खिडकीशी उभं राहायचं, कुंडलिका नदीच्या अंगाला डोंगरावर बघायचं आणि शब्द टाकायचा. मनाला सांगायचं, रोहा काय नि पेण काय, एकाच जिल्ह्याची हवा. खोटं होतं ते. नागोठण्याला ऊन आणि वडखळला वायपर थांबत नाही, हे या रस्त्याने एसटीने गेलेल्या पोरालाही माहीत असतं.

आणि आणखी एक सांगतो, जे मी स्वतःलाही फारसं सांगत नाही. मला ते आवडायला लागलं होतं. कंपनीत माझ्या शब्दावर काही हलत नाही. इथे मी अंथरुणात पडून 'ऊन' लिहायचो आणि पेणच्या अंगणात चार माणसं उठून मूर्ती उचलायला लागायची. तू फोनवर म्हणायचीस, "आज तुजा सूर्य बराबर निगाला हां," आणि मी दिवसभर बऱ्या मूडमध्ये असायचो.

आता तो दिवस.

श्रावण होता. तू वडखळला बारशाला गेली होतीस. निघताना वैशालीला खोलीत पडद्यासमोर बसवलंस आणि म्हणालीस, "सूर्य हाय तवर भायेर. गेला की आत. मधी डोकं चालवू नको." ती का डोकं चालवणार होती? आठवडाभर आधी तिने आभाळ बघून आपल्या मनाने एक रांग आत घेतली होती, तेव्हा तू तिला सगळ्यांदेखत झाडली होतीस: सूर्य असताना आत का आणल्या?

मी रात्रपाळी करून सकाळी घरी आलो होतो. रोह्यात लख्ख पडलं होतं. 'ऊन' टाकलं, मोबाइल सायलेंट केला आणि झोपलो.

पुढचं मला नामाकाकांकडून कळलं, तेही तुकड्यातुकड्याने. खाडीच्या बाजूने काळं चढलं. काकांनी हाक मारली, "वैशाली, आबाळ येतंय गो!" ती पीतांबर रंगवत होती. तिने पडद्याकडे बघितलं. सूर्य होता. ती म्हणाली, "काका, आई बोलल्यात सूर्य हाय तवर भायेर." काकांनी पुन्हा हाक मारली. तिने पुन्हा पडदा बघितला. आणि मग अंगणात पाणीच ओतलं. सगळे धावले, मेणकापड ओढलं, हाताला आल्या त्या मूर्ती आत घेतल्या. बाकीच्यांच्या सोंडा गळाल्या, हात गळाले, पोटं खाली बसली. शाडूला काय, ज्या पाण्याने घडवायचा त्याच पाण्याने जातो.

त्याच दुपारी मला रोह्यात पत्र्यावरच्या पावसाने जाग आली. डोळे न उघडता मोबाइल शोधला आणि शब्द बदलला. पाऊस.

तू आलीस. तिने तुझा हात धरला आणि तुला खोलीत नेलं. "आई, सूर्य होता. बघा ना, सूर्य हाय." तू बघितलंस. छत्री होती. मागे दारात नामाकाका, सुलभा, रंगाच्या बायका, तुझा मुलगा नितीन, सगळे उभे.

संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा तू रागाने ओरडत होतीस आणि मधूनच रडत होतीस.

"सगळा चिखल झाला रं. गळाली ती गळाली, परत घडवीन. पन ही बया मला हाताला धरून आत नेते नि बोलते बघा सूर्य. बघते तर छत्री! माज्या तोंडावर खोटं?" मग तुझा आवाज खाली आला. "बाळ्या, एक सांग. तुजा कॉम्प्युटर खोटं बोलतो काय रं?"

आक्का, तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हटलं, "कॉम्प्युटर खोटं नाही बोलत."

"मंग तीच बोलते," तू म्हणालीस आणि फोन ठेवलास.

माझ्या वाक्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता. त्याला जे वाचायला दिलं तेच त्याने दाखवलं. त्या वाक्याचा आडोसा घेऊन मी तीन वर्षं काढली.

तिकडे तू वैशालीला काही छळलं नाहीस, हे मी मान्य करतो. पण मूर्तींची हवा बघायचं काम तिच्याकडून काढून घेतलंस. तिला मुकुटाला खडे लावायला बसवलंस. मी यायचो तेव्हा बघायचो, ती पडद्याकडे पाठ करून बसलेली असायची. कुणी चेष्टेत म्हणायचं, "खांबच्या पोरीला पेनचं ऊन नाय गो समजत," आणि ती मान खाली घालून एकेक खडा चिमट्याने उचलायची. नितीनसुद्धा हसायचा. मी चहा प्यायचो, तिने आणलेला.

नंतर मी फार काळजी घेतली. गजर लावून झोपेतून उठायचो, रडार बघायचो, पेणच्या दोघांना फोन करायचो. पुन्हा एकदाही सूर्य चुकला नाही. त्याच आठवड्यात स्क्रिप्ट नीट करता आली असती. केली नाही, कारण केली असती तर काय बिघडलं होतं ते सांगावं लागलं असतं.

आणि त्याच सुमारास तुझे सकाळचे फोन सुरू झाले. आधी तू रविवारीच करायचीस. आता रोज. नमस्कार नाही, तब्येत नाही. थेट, "तुज्याकडं ऊन हाय काय?"

मी खिडकीशी जायचो, बघून सांगायचो, "हाय." किंवा "नाय." तू म्हणायचीस, "बरं." फोन बंद. मला वाटायचं, वय झालंय, एकटी आहे, भावाचा आवाज ऐकायचाय. मला बरंही वाटायचं.

तू गेल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी मी तुझ्या खोलीत तुझ्या पाटावर बसलो होतो. समोर पडद्यावर मी सकाळीच लावलेला सूर्य. आणि एकदम डोक्यात आलं की पेणला मूर्ती बाहेर काढायच्या तर आक्का रोह्याचं ऊन का विचारत होती?

तुझा सूर्य माझ्या खिडकीतून येतो, हे तुला कळलं होतं. कधी, ते माहीत नाही. पण कळलं होतं.

मग आपली शेळी आठवली. मी सात-आठ वर्षांचा असेन. माझ्या हातून दावं सुटलं आणि शेळीने वालाचा अख्खा वाफा खाल्ला. बाबा काठी घेऊन आले आणि तू पुढे होऊन म्हणालीस, "मी सोडली." तुझ्या पाठीवरचा वळ मी बघितला होता. तू त्याबद्दल नंतर एक शब्द बोलली नाहीस, मीही नाही. आपल्या नात्याची रीतच तिथून पडली. मी करायचं, तू झाकायचं, दोघांनी गप्प बसायचं.

आणि मागच्या वर्षी गौरीच्या जेवणाला मी आलो होतो तेव्हा तू मला समोर बसवलंस, वालाचं बिरडं वाढलंस आणि विचारलंस, "तुला काय बोलायचंय काय?"

मी म्हटलं, "नाय."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मंग जेव. वैशाली, मामाला भाकरी वाड गो."

तिने वाढली. गरम होती, बोटं भाजतील म्हणून पदराने धरून आणली होती तिने.

मला तुझा राग आलाय, आक्का. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण तुझ्यावर जिवंतपणी रागवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून आता रागावतो. शेळीच्या वेळी पाठ तुझी होती. या वेळी तू वैशालीची पाठ पुढे केलीस. मला वाचवलंस आणि किंमत तिच्याकडून घेतलीस. तुला माहीत होतं तर तिला जवळ घेऊन एकदा म्हणायचं होतंस, पोरी, तू खरं बोलत होतीस. एवढंच. माझं नाव घेऊ नको म्हटलं असतंस तरी चाललं असतं. की तू माझ्या तोंडून यायची वाट बघत होतीस? रोज सकाळी फोन करून मला एक संधी देत होतीस? मग मी तुझ्यापेक्षा दुप्पट नालायक. या भांडणात तुझी बाजू ऐकायला मला मिळणार नाही. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या. दोन्हीत हरतो.

तरी तुला हेही सांगायला हवं की तुझ्यासारखं झाकणारं माणूस मिळालं म्हणून मी इथवर आलो. बाबांच्या काठीपासून तू मला वाचवलंस, शिक्षणाला तूच लढून पाठवलंस. ते मी विसरलेलो नाही. फक्त आता पन्नाशी ओलांडली, कुणाच्या पदराआड उभं राहायचं वय राहिलं नाही.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी चांगली उघडीप पडली. शाडूच्या रांगा आत ओल्या पडलेल्या, वास यायला लागलेला. नामाकाकांनी ओट्यावरून विचारलं, "काडू काय भायेर?" उत्तर द्यायला कुणी नव्हतं. सगळ्यांनी वैशालीकडे बघितलं. ती उठून आत गेली, पडद्याकडे न बघताच परत आली आणि म्हणाली, "मला नका इचारू, काका. माज्यानं नाय व्हायचं ते." नितीन माझ्या कानाशी म्हणाला, "मामा, असं चालायचं नाय. एक पार्टी हाय, सीझनसकट कारखाना घ्यायला तयार हाय. देऊन टाकतो. ही पन बोलते, कंपनीच्या कँटीनला जाते."

तुझा कारखाना, आक्का. आणि तो बुडत होता तो पावसाने नव्हे, माझ्या गप्प बसण्याने. वैशालीला घरी बाजूला घेऊन हळूच सांगता आलं असतं. पण तिला खोटारडी ठरवलं होतं ते सगळ्यांसमोर, याच अंगणात. म्हणून मी म्हटलं, "काका, सगळ्यांना बोलवा. साचे ठेवा खाली. सुलभा, तू पण ये."

मी ओट्यावर उभा राहिलो. बोललो. साइट बंद पडल्यापासून मोबाइलपर्यंत, खिडकीपासून झोपेपर्यंत, सगळं. "त्या दिवशी वैशालीने सूर्य बघितला तो खरा होता. मी लावलेला होता. आक्काने छत्री बघितली तीही मी लावली. मधल्या वेळात मी झोपलो होतो. वैशाली खोटं बोलली नव्हती. मी बोललो."

मग नामाकाका म्हणाले, "म्हंजे येवडी वर्सं आमी तुमच्या खिडकीतलं ऊन बगत व्हतो?"

"व्हय काका."

"आयला," काका म्हणाले आणि त्यांनी हातातला चिखल पाटावर आपटला. सुलभाने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, कळलं नाही. नितीन खाली बघत होता.

वैशाली पुढे आली. "त्या संध्याकाळी आईंनी तुमाला इचारलं व्हतं?"

"विचारलं होतं."

"काय बोललात?"

"कॉम्प्युटर खोटं नाही बोलत, असं म्हटलं."

ती एकदम हसली. फार लहान हसू, आणि ते मला फटक्यासारखं लागलं. "मला वाटायला लागलं व्हतं, मामा, का मलाच दिसला काय तो सूर्य. डोक्यात कायतरी हाय माज्या, असं वाटायचं. कंदी कुनाला बोलले नाय." मग विचारलं, "आईंना म्हायती व्हतं?"

"विचारायचं राहिलं," मी म्हटलं. हे खरं आहे. त्यापुढचं तुझं-माझं आहे, ते मी तिच्या पदरात टाकलं नाही.

"माफ केलं असं मी नाय बोलनार."

"बोलू नकोस."

ती नितीनकडे वळली. "तुमी तरी इचारायचं व्हतंत एकदा. घरात." तो पुढे होऊन कच्च्या मूर्तींचा पहिला पाट उचलायला वाकला. तिने त्याला थांबवलं. "थांबा. आदी बगू दे." ती अंगणाच्या मध्यावर गेली, खाडीच्या बाजूला वळली, मग डोंगराकडे. बराच वेळ बघत राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "काका, दोन रांगा काडा. तिसरी नको. जेवनाच्या आदी आत घेऊ."

घेतल्या. त्या दिवशी दुपारी पाऊस आला नाही. म्हणजे तिचा अंदाज चुकला. नामाकाका चिडवायला गेले, "वैशाली, तिसरी रांग काय माज्या घरी न्यायची व्हती काय?" तर ती म्हणाली, "न्या. सुकवून आना." अंगण हसलं. तीही हसली, आक्का. चुकली आणि हसली.

त्या पार्टीला नितीनने फोन करून नाही म्हणून कळवलं.

मी स्क्रिप्ट पुसायला खोलीत बसलो, तर वैशाली दारात आली. "ते काडू नका. रंगाला बसले की मलाबी भायेरचं कळत नाय. कुनी अंगनातून सांगेल असं करा." मी तिच्या आणि काकांच्या मोबाइलवर बटणं बसवून दिली. आभाळ बघून काका दाबतात, आत तिला दिसतं. बटणं तीन केली होती. तिने बघितलं आणि विचारलं, "ह्यो ढग कशाला? आत का भायेर, येवडंच ठेवा." मी ढग काढून टाकला. तो वाद तू जिंकलीस.

मग ती म्हणाली, "नि तुमच्याकडं पन दिसू दे. पेनला काय चाललंय, तुमाला कळू दे की जरा." टोमणा होता. मी तो घेतला, रोह्याला आल्यावर माझ्या कॉम्प्युटरवर तसं करूनही घेतलं.

आता आठवडा झाला. सकाळी चहाचा कप घेऊन मी खिडकीशी न जाता कॉम्प्युटरशी बसतो. तुझ्या फोनची वेळ होते. फोन वाजत नाही, पण तुझा तो प्रश्न कानात येतोच, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला उठवत नाही. आज इथे कुंडलिकेवर काही दिसत नाही, पत्र्यावर नुसता आवाज आहे. आणि पडद्याच्या कोपऱ्यात, पुरीएवढा, सूर्य आहे.

"तुज्याकडं ऊन हाय काय?"

नाय गो आक्का. माझ्याकडं पाऊस हाय. ऊन पेणला हाय.